दुहेरी कॉइलचा सबवूफर: आधी ओहम ठरवा, मग खरेदी करा

गाडीत सबवूफर बसवायचे ठरले की बहुतेकांची चर्चा इंचांपासून सुरू होते आणि वॅटपाशी येऊन थांबते. दहा इंची घ्यावा की बारा इंची, खोक्यावर छापलेल्या वॅटपैकी खरे किती, बॉक्स सीलबंद असावा की पोर्टचा, यावर तासन्‌तास बोलणे होते. मात्र ज्या आकड्यावर पुढची सगळी जोडणी अवलंबून असते तो आकडा, म्हणजे कॉइलचा ओहम (स्पीकरमधली तारेची गुंडाळी विजेला किती विरोध करते त्याचे माप), पैसे देऊन दुकानाबाहेर पडेपर्यंत बहुधा कोणी विचारतच नाही. ॲम्प्लिफायरला शेवटी किती ओहमचा भार, म्हणजे जोडलेल्या सगळ्या कॉइलचा मिळून किती विरोध, दिसणार आहे हे आधी ठरवावे आणि त्या हिशेबाने सबवूफरची कॉइल निवडावी, असे माझे ठाम मत आहे. हा क्रम उलटा झाला की हाती आलेल्या वस्तूंमधून जमेल तशी जुळवाजुळव करावी लागते आणि कित्येकदा ती जुळतच नाही.

माझ्या भाच्याचेच उदाहरण सांगतो. त्याने बारा इंची दोन सबवूफर घेतले, दोन्ही ४+४ ओहमचे, म्हणजे प्रत्येकात ४ ओहमच्या दोन कॉइल. सोबत एक मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा, ॲम्प्लिफायर घेतला. त्याच्या माहितीपुस्तिकेत ४ ओहमवर ३०० वॅट, २ ओहमवर ५०० वॅट आणि किमान भार २ ओहम, असे स्वच्छ लिहिलेले होते. बसवून देणारा म्हणाला, “सर, चारही कॉइल पॅरलल करून एक ओहमला लावून देतो, डबल वाजेल.” भाच्याने लगेच मला फोन केला. “मामा, पुस्तिकेत दोन ओहमच्या खाली जाऊ नका असं लिहिलंय, मग हा एक ओहमला कसा लावतोय?” त्याची शंका अगदी रास्त होती, आणि तिचे उत्तर नीट समजून घेतले तर या विषयातील बहुतेक गुंता सुटतो.

साध्या सबवूफरमध्ये चुंबकाच्या फटीत तांब्याच्या तारेची एकच गुंडाळी असते. दुहेरी कॉइलच्या सबवूफरमध्ये त्याच नळीवर, त्याच फटीत, विजेच्या दृष्टीने एकमेकींपासून अलग अशा दोन गुंडाळ्या असतात आणि प्रत्येकीला धन व ऋण अशी स्वतःची टर्मिनले असतात. कोन एकच, चुंबक एकच, कडेचा रबरही एकच. त्यामुळे दोन कॉइल म्हणजे दोन स्पीकरचा आवाज, हा समज चुकीचा आहे. पूर्वी घरगुती संचांमध्ये डावा व उजवा असे दोन्ही चॅनल एकाच सबवूफरला देण्यासाठी या रचनेचा उपयोग होत असे. गाडीच्या बाबतीत मात्र तिचा खरा फायदा म्हणजे भार निवडण्याची मोकळीक. दहावीपर्यंतच्या विज्ञानात एकसर आणि समांतर जोडणी म्हणून जे शिकवतात, तेच गणित येथे सिरीज आणि पॅरलल या नावांनी चालते. ४+४ चा एक सबवूफर सिरीजमध्ये ८ ओहमचा होतो आणि पॅरललमध्ये २ ओहमचा. २+२ चा सबवूफर सिरीजमध्ये ४ ओहमचा आणि पॅरललमध्ये १ ओहमचा होतो.

सबवूफर दोन झाले की कॉइल चार होतात आणि पर्याय बदलतात. ४+४ च्या जोडीत चारही कॉइल पॅरलल केल्या तर भार १ ओहम होतो, चारही सिरीजमध्ये जोडल्या तर १६ ओहम होतो आणि दोन सिरीज, दोन पॅरलल अशी मिश्र जोडणी केली तर ४ ओहम होतो. चारही कॉइलना सारखा वाटा द्यायचा असेल तर या तीन आकड्यांपलीकडे काहीही मिळत नाही. म्हणजे ज्या २ ओहमवर भाच्याचा ॲम्प्लिफायर पूर्ण ताकद देतो, तो भार त्याच्या सबवूफरमधून निघूच शकत नव्हता. त्याने तेच मॉडेल २+२ मध्ये घेतले असते तर प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल सिरीजमध्ये जोडून ४ ओहम आणि ते दोन सबवूफर पॅरललमध्ये जोडून नेमका २ ओहमचा भार मिळाला असता. पुष्कळ मॉडेल्स दोन्ही प्रकारांत मिळतात आणि किमतीत फारसा फरक नसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आवर्जून विचारणारा ग्राहक हवा, इतकेच.

म्हणून माझा सल्ला असा की पुस्तिकेतील किमान भाराचा आकडा कागदावर लिहूनच दुकानात जावे. मोनोब्लॉक २ ओहमपर्यंत चालणारा असेल आणि सबवूफर एकच लावायचा असेल तर ४+४ घ्यावा. दोन लावायचे असतील तर २+२ घ्यावेत. मोनोब्लॉक १ ओहमपर्यंत चालणारा असेल तर हे बरोबर उलटे होते: एकासाठी २+२, दोघांसाठी ४+४. चार चॅनलच्या ॲम्प्लिफायरचे मागचे दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे दोन्हींची ताकद एकत्र जोडून, सबवूफर चालवणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. तेथे किमान भार बहुधा ४ ओहम असतो, कारण ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला जोडलेल्या भाराचा निम्माच भार जाणवतो. ४ ओहमचा सबवूफर ब्रिजवर लावला की प्रत्येक चॅनल २ ओहमवर काम करत असतो. अशा ठिकाणी एकटा ४+४ सबवूफर पॅरललमध्ये जोडणे म्हणजे प्रत्येक चॅनलला १ ओहमवर ढकलणे आहे. तेथे २+२ सिरीजमध्येच शोभतो.

आता ‘एक ओहमला लावून देतो’ या आश्वासनाकडे वळू. त्याला आधार नाही असे नाही. ॲम्प्लिफायर जेव्हा २० व्होल्ट बाहेर काढत असतो तेव्हा ४ ओहमच्या भारातून ५ अँपिअर प्रवाह जातो आणि १०० वॅट मिळतात. २ ओहमवर १० अँपिअर व २०० वॅट, १ ओहमवर २० अँपिअर व ४०० वॅट. कागदावर वॅट दुप्पट, चौपट होत जातात आणि तेवढेच दाखवून ग्राहकाला पटवले जाते. पण त्याच कागदावर प्रवाहही वाढतो आहे, आणि आउटपुटच्या ट्रान्झिस्टरांमध्ये व आतल्या पट्ट्यांमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की तिथली उष्णता चौपट होते. ज्या ॲम्प्लिफायरची रचनाच १ ओहमसाठी केलेली आहे तो हे सोसतो. ज्याची केलेली नाही त्याचा लाल दिवा लागतो, आवाज मध्येच बंद पडतो, थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो, आणि असे होत होत एके दिवशी संरक्षक सर्किटला संधी मिळण्याआधीच ट्रान्झिस्टर जळतो.

याशिवाय वीज यायची गाडीतूनच. क्लास-डी या कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ५०० वॅट बाहेर काढण्यासाठी त्याला ६२५ वॅट आत घ्यावे लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टवर सुमारे ४५ अँपिअर. संगीतात हा प्रवाह सलग लागत नाही, ठेक्याच्या क्षणी लागतो, हे खरे. तरीही लहान गाडीच्या अल्टरनेटरला त्याच वेळी एसीचा पंखा, हेडलाइट आणि इंजिनाची स्वतःची गरज सांभाळायची असते. प्रत्येक ठेक्याबरोबर हेडलाइट मंद होत असतील तर ॲम्प्लिफायरला मिळणारे व्होल्टेज तितके खाली येत आहे, आणि कागदावरचे जादा वॅट प्रत्यक्षात पोहोचतच नाहीत.

बरे, पोहोचले तरी कानाला किती फरक पडणार? ताकद दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल लागतात. भाच्याच्या ॲम्प्लिफायरचे ४ ओहमवरचे ३०० वॅट आणि २ ओहमवरचे ५०० वॅट यांच्यातील अंतर सुमारे २.२ डेसिबल आहे. बॉक्सचे आकारमान थोडे चुकले किंवा बॉक्सचे तोंड डिकीत चुकीच्या बाजूला वळवले, तर याहून अधिक नुकसान सहज होते. मी त्याला म्हटले, “निर्धास्तपणे चार ओहमवर लाव. ॲम्प थंड राहील, आणि तुझ्या गाडीत तीनशे वॅट पुरून उरतील.” दुसरे असे की पुस्तिकेतील डॅम्पिंग फॅक्टर (कोनच्या हालचालीवर ॲम्प्लिफायरचा किती ताबा राहतो ते दाखवणारा आकडा) भार कमी होईल तसा त्याच प्रमाणात घटतो. ४ ओहमवर २०० असलेला आकडा १ ओहमवर ५० राहतो. गाडीतल्या बासमध्ये तो एवढ्यावर स्पष्ट ऐकू येईल, असा माझा दावा नाही. पण जास्त ओहमच्या भारावर ॲम्प्लिफायर निवांत काम करतो, हे नक्की.

सिरीजमध्ये आवाज सैल येतो आणि पॅरललमध्ये घट्ट येतो, असेही पुष्कळजण सांगतात. ते मला मान्य नाही, आणि त्याचे कारण गणितातच आहे. सिरीज जोडणीत चुंबकीय फटीतली तारेची लांबी पॅरललच्या मानाने दुप्पट धरली जाते आणि रोध चौपट होतो. स्पीकरच्या मोटरची पकड ठरते ती चुंबकीय बल-गुणकाच्या (चुंबकीय क्षेत्र गुणिले फटीतली तारेची लांबी) वर्गाला रोधाने भागून. दुपटीचा वर्ग चार, भागिले चार, म्हणजे पकड तीच. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या १९६० आणि १९७० च्या दशकांतील कामातून जी परिमाणे रूढ झाली आणि ज्यांवरून आज बॉक्सचे आकारमान काढतात, त्यांतील रेझोनन्सचा आकडा (कोन ज्या वारंवारितेला सहज डोलतो ती) आणि एकूण क्यू (ते डोलणे किती लवकर थांबते याचे माप) या दोन्ही जोडण्यांत बदलत नाहीत. तितकेच वॅट दिले तर आवाजही तितकाच येतो. बदल होतो तो एक कॉइल रिकामी सोडली तर. तेव्हा पकड निम्मी होते, विद्युत क्यू दुप्पट होतो, उष्णता सोसायला तांबे निम्मेच उरते आणि मोजून बनवलेला बॉक्सही त्या सबवूफरला योग्य राहत नाही. म्हणून दोन्ही कॉइल जोडल्याच पाहिजेत.

४+४ च्या जोडीतून ४ ओहमकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला एक मला स्पष्टपणे अधिक चांगला वाटतो. पहिल्या मार्गात प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल पॅरलल करून २ ओहम करतात आणि मग दोन सबवूफर एकमेकांशी सिरीजमध्ये जोडतात. दुसऱ्यात प्रत्येक सबवूफरच्या कॉइल सिरीजमध्ये जोडून ८ ओहम करतात आणि दोन सबवूफर पॅरलल करतात. आकडा एकच येतो, पण पहिल्या मार्गात दोन सबवूफरमधली एक वायर सुटली की दोन्ही मुके होतात, आणि एकाच्या हालचालीतून निर्माण होणारे उलटे व्होल्टेज दुसऱ्याच्या वाट्याला जाणाऱ्या व्होल्टेजवर परिणाम करते. दुसऱ्या मार्गात प्रत्येक सबवूफरला ॲम्प्लिफायरचे पूर्ण व्होल्टेज स्वतंत्रपणे मिळते आणि एकाचे काही बिघडले तरी दुसरा वाजत राहतो. भाच्याच्या गाडीत आम्ही हाच मार्ग घेतला. प्रत्येक सबवूफरवर पहिल्या कॉइलच्या ऋण टर्मिनलपासून दुसऱ्या कॉइलच्या धन टर्मिनलपर्यंत आखूड जोडवायर टाकली. मग पहिल्या कॉइलचे मोकळे धन आणि दुसऱ्या कॉइलचे मोकळे ऋण ही दोनच टोके बॉक्सबाहेर काढली.

ही टोके ॲम्प्लिफायरला लावण्याआधी मल्टिमीटरने तपासली पाहिजेत. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून त्याचा स्वतःचा रोध पाहावा, स्वस्त मीटरमध्ये तो सहज ०.३ ओहम निघतो, आणि पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करावा. ४ ओहमची कॉइल मीटरवर नेमके ४ कधीच दाखवत नाही. ३.५ च्या आसपास दाखवते आणि तेच योग्य असते, कारण मीटर फक्त तांब्याचा स्थिर रोध मोजतो आणि ४ हा आकडा इंपिडन्सचा, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचा आहे, जो वारंवारितेप्रमाणे बदलतो. सिरीजमधल्या दोन कॉइल ७ च्या जवळ आल्या की जोडणी जुळली असे वाटते. येथेच खरी मेख आहे. एखादी कॉइल उलटी जोडलेली असली तरीही मीटर तेच ७ दाखवतो. मीटरला तारेची दिशा कळत नाही.

एका कॉइलची दिशा उलटी झाली तर काय होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एकाच जुवाला जुंपलेल्या दोन बैलांनी विरुद्ध दिशांना ओढावे, तशा दोन्ही गुंडाळ्या एकाच नळीला पुढे आणि मागे एकाच वेळी ढकलतात. कोन जागचा हलत नाही आणि आत गेलेले वॅट उष्णता होऊन कॉइल जाळतात. ऐकणाऱ्याला वाटते, आवाज कमी आहे, तो ॲम्प्लिफायरवरची गेनची घुंडी वाढवतो आणि जळण्याचा वेग वाढतो. ही चूक ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे दीड व्होल्टचा साधा सेल. सेलचे धन टोक बाहेर काढलेल्या धन वायरला आणि ऋण टोक ऋण वायरला क्षणभर टेकवावे. दिशा बरोबर असेल तर कोन बाहेरच्या बाजूला टक्कन उडी घेतो आणि सेल काढताच परत येतो. तळहात हलकेच कोनावर ठेवला तर ही हालचाल स्पष्ट जाणवते. कोन आत गेला तर बाहेरची दोन टोके उलटी आहेत. कोन हललाच नाही तर आतली एक कॉइल उलटी आहे किंवा कुठेतरी जोड सुटलेला आहे, आणि या दोहोंतला फरक मीटर सांगतो. दोन सबवूफर असतील तर दोन्हींवर ही चाचणी करावी, कारण एक बाहेर आणि एक आत जाणारा असेल तर दोघांचा बास हवेतच एकमेकांना खाऊन टाकतो.

ॲम्प्लिफायरच्या बाजूने एक फसवी गोष्ट आहे. अनेक मोनोब्लॉकवर स्पीकरसाठी टर्मिनलांच्या दोन जोड्या दिलेल्या असतात. त्या पाहून हे दोन चॅनल आहेत आणि प्रत्येकाला वेगळा भार लावता येईल, असे वाटते. प्रत्यक्षात त्या दोन्ही जोड्या आतून एकमेकींना पॅरलल जोडलेल्या असतात, केवळ वायरी खोवायला सोय व्हावी म्हणून. प्रत्येक जोडीला २ ओहमचा सबवूफर लावला की ॲम्प्लिफायरला १ ओहमच दिसतो. पुस्तिकेतील किमान भार हा दोन्ही जोड्यांचा मिळून असतो. भाच्याचे दोन ८ ओहमचे सबवूफर या दोन जोड्यांना लावले की आपोआप पॅरलल होऊन ४ ओहम झाले, वेगळा जोड द्यावा लागला नाही.

वायरींबद्दल थोडक्यात. भार जितका कमी तितका वायरीचा हिस्सा मोठा होतो. ०.७५ स्क्वेअर एमएमची बारीक वायर तीन मीटर अंतरावर टाकली तर येण्याजाण्याचा रोध सुमारे ०.१४ ओहम होतो. १ ओहमच्या भारावर त्यात १२ टक्के ताकद वाया जाते, ४ ओहमवर साडेतीन टक्क्यांच्या आत. आतल्या जोडण्यांसाठी २.५ किंवा ४ स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची शुद्ध तांब्याची वायर घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दिसायला तशीच असते, पण तितक्याच जाडीत तिचा रोध कितीतरी जास्त असतो. टोकांना लग (धातूची टोपणे) दाबून लावावेत, नुसते पिळून खोवू नये, कारण बॉक्समधील कंपने सैल जोड काही महिन्यांत उघडा पाडतात. बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरीला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. तो फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसून वायरीसाठी असतो, कारण वाटेत कुठे पत्र्यावर घासून ती उघडी पडली तर गाडीला आग लागण्यापासून तोच वाचवतो. यात कोणाचेही ‘चालतंय की’ ऐकून घेऊ नये.

शेवटी गेन. गेनची घुंडी आवाज वाढवण्यासाठी नसते, स्टीरिओचा सिग्नल आणि ॲम्प्लिफायरची मर्यादा यांचा मेळ घालण्यासाठी असते, आणि तिची जागा ठरवताना पुन्हा ओहमच लागतो. हव्या असलेल्या वॅटना भाराने गुणून वर्गमूळ काढले की ॲम्प्लिफायरने द्यायचे व्होल्टेज मिळते. ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, त्याचे वर्गमूळ ३४.६. सबवूफर सोडवून ठेवावेत, इंजिन सुरू असावे, बास बूस्ट व इक्वलायझर शून्यावर असावेत, स्टीरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर असावा आणि ५० हर्ट्झचा सलग सूर लावून, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून, ३४.६ पर्यंत गेन हळूहळू वाढवावा. यापलीकडे वाढवला की लहरींची टोके कापली जाऊ लागतात आणि त्या कापलेल्या लहरी कॉइलमध्ये जादा उष्णता भरतात.

८ ओहमचे दोन सबवूफर पॅरललमध्ये ठेवण्याचा आणखी एक फायदा भाच्याला लवकरच कळला. सुट्टीत गावी जाताना डिकीत जागा हवी म्हणून त्याला एक बॉक्स काढायचा होता. त्याने विचारले, “मामा, गेन परत लावावा लागेल का?” लागत नाही. एक सबवूफर काढला की भार ८ ओहम होतो, उरलेल्याला तेच ३४.६ व्होल्ट मिळतात आणि त्याच्या वाट्याला आधीचेच १५० वॅट येतात. ॲम्प्लिफायरचे काम मात्र निम्म्यावर येते. काढलेल्या बॉक्सच्या वायरीची दोन्ही टोके वेगवेगळी टेपने गुंडाळावीत किंवा वायर ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलांपासूनच सोडवून ठेवावी, कारण सामानाखाली ती उघडी टोके एकमेकांना टेकली तर ॲम्प्लिफायरला दिसणारा भार जवळजवळ शून्य ओहम होतो.